देवघराच्या लाइनला कोणता ब्रेकर

जो सर्वांच्या अंतरी साक्षीरूपाने जागा असतो त्या परमेश्वरास वंदन करतो. आणि ज्यांना हात जोडून तुम्ही दिवसाचे पहिले काम सुरू करीत असा, त्या तथागतांसही नमस्कार करतो. मधुकरराव, तुम्हाला जाऊन आज बारा दिवस झाले. काल उल्हासनगरला तुमच्या घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. भंतेजींनी सूत्रपठण केले, चार माणसे तुमच्याविषयी बोलली, शेवटी मीही उठून बोललो. जे तिथे बोललो ते खरे म्हणजे तुम्हाला सांगायचे होते. तुम्ही समोर होता तेव्हा माझ्या तोंडून त्यातला एकच शब्द निघाला, बाकीचे राहून गेले. म्हणून हे लिहायला बसलो आहे.

तुमचे चरित्र मी लिहिणार नाही. ते तुमच्या माणसांना माझ्याहून अधिक ठाऊक आहे. अनोळखी वाचकाला इतके पुरे, की तुम्ही शहाडच्या एका कारखान्यात विजेचे काम करीत होता आणि सुटीच्या दिवशी लोकांच्या घरचे वायरिंग पाहत होता. मी अंबरनाथ पूर्वेला राहणारा, शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालेला, घरी रोज सोवळ्याने पूजा करणारा माणूस. तुम्ही मला गुरुजी म्हणत असा. खरे म्हणजे आपल्या ओळखीत शिकवण्याचे काम बहुतेक तुम्हीच केलेत.

पहिल्या दिवसाचे आठवते. तुम्ही आमच्या बोर्डातला चिनी मातीचा फ्यूज ओढून काढलात आणि तळहातावर ठेवून बराच वेळ पाहत राहिलात. त्यात मी स्वतः बसवलेली जाड तार होती.

"ही कोणी घातली?"

"मी," मी म्हणालो.

"आणली कुठनं?"

मी मोठ्या समाधानाने सांगितले, की अभिषेकपात्राची तिवई दुरुस्त केली त्यातली उरलेली तार आहे, निर्भेळ तांब्याची. बाजारातली फ्यूजची तार भेसळीची असते, सारखी वितळते. ही बसवल्यापासून आमचा फ्यूज एकदाही गेलेला नाही.

"नाहीच जाणार," तुम्ही म्हणालात. "गुरुजी, फ्यूजला शुद्ध नाय लागत, नाजूक लागतो. त्यानं वेळेवर मरायचं असतं. हा तुमचा अमर आहे. घर जळेल, हा नाय जळणार."

स्वयंपाकघरातून माझ्या पत्नी मालतीबाई म्हणाल्या, "नीट ऐकवा त्यांना. शेजारी जाऊन सांगतात, आमच्याकडे फ्यूज कधी जात नाही म्हणून. तपश्चर्या केल्यासारखं!"

तुम्ही तिथे हसलात. मीही हसलो, पण मनातून खजील झालो. धातूची शुद्धता ही प्रत्येक ठिकाणी गुणच असते, असे मी धरून चाललो होतो.

पुढच्या आठवड्यात तुम्ही मला उल्हासनगरच्या बाजारात घेऊन गेलात. फ्यूजच्या जागी ब्रेकर घ्यायचे होते. दुकानाचे सिंधी मालक मोठे गोड बोलणारे. त्यांनी एक डबी पुढे सरकवली. "सांई, चालीस अँपिअर का ले जाओ. कभी गिरेगा नहीं, मेरी गॅरंटी." मी तुमच्या कानाशी लागून म्हणालो, "हाच घेऊ या. पडणार नाही म्हणतात." तुम्ही माझ्याकडे न पाहता मालकांना म्हणालात, "सेठ, जो गिरताच नाही, वो चौकीदार नहीं, खंबा है. सोलह का दिखाओ. दिवे के लिए छह का."

"अडे, तू हर बार ऐसाही बोलता है," म्हणत सेठ हसले आणि त्यांनी हवे ते काढून दिले.

मग दुकानाच्या पायरीवर उभे राहून तुम्ही मला पाठ दिलात. ब्रेकर तारेची जाडी पाहून निवडायचा. तार जितके सोसते त्याच्या आत त्याने पडले पाहिजे. तार बारीक आणि ब्रेकर दांडगा असेल तर तार आतल्या आत तापत राहते आणि ब्रेकर शांत बसतो. त्यातही बी टाइप, सी टाइप असे स्वभाव असतात. "हा बी आहे ना, तो लवकर दचकतो. सी जरा दम धरतो. मोटर चालू होताना एकदम मोठा घोट घेते, तिथं दम धरणारा पाहिजे, नायतर उगाच पडत राहील. दिव्याला, गीझरला बी बस झाला." माझ्या वर्गातले विद्यार्थी मला आठवले. कोणाला किती ताणायचे हे मी असे त्यांचा स्वभाव पाहून ठरवले असते, तर चार मुले अधिक शिकली असती.

तुम्ही आमच्या घरातली प्रत्येक तार बदललीत. शेवटी देवघराच्या दाराशी आलात आणि थांबलात. मी म्हणालो, "तेवढं राहू द्या. आत सोवळ्याचं आहे."

"बरं," तुम्ही म्हणालात. बाहेरच्या बोर्डात देवघरासाठी सहा अँपिअरचा ब्रेकर लावलात. आतली जुनी तार आत राहिली. पिशवी आवरताना मात्र म्हणालात, "आतलं मी बघितलेलं नाय, गुरुजी. लक्षात ठेवा."

मी लक्षात ठेवले नाही.

तीन वर्षांनी आम्ही सागवानी देव्हारा करवून घेतला. सुतार आठ दिवस देवघरात काम करीत होता. त्याच्या आधी लादी बसवणारे दोघे येऊन गेले होते. काम संपल्यावर मी जागा धुऊन घेतली, गोमूत्र शिंपडले, आणि देव पुन्हा बसवले. त्यानंतर तुम्ही पंखा दुरुस्त करायला आलात. जाता जाता देवघराच्या उंबऱ्याशी उभे राहून आत पाहिलेत आणि म्हणालात, "सुतारानं आत झकास काम केलंय."

इतकेच. लगेच पंख्याविषयी बोलू लागलात. मी खिशात चष्मा शोधू लागलो. चष्मा माझ्या डोळ्यांवरच होता.

आता जे लिहितो ते काल पहिल्यांदा चारचौघांत बोललो. मी स्नान करून ओलेत्याने पूजेला बसत असे. देव्हाऱ्यात देवांच्या मागे पितळेची प्रभावळ, आणि तिच्या मागे एक लहान दिवा, म्हणजे देवांच्या भोवती तेज पसरल्यासारखे दिसे. अभिषेक करताना डावा हात मी प्रभावळीला लावून ठेवीत असे. रुद्राची आवर्तने चालू असताना, लादी पाण्याने भिजली की केव्हातरी बोटांच्या टोकांतून एक सूक्ष्म झिणझिणी उठे आणि कोपरापर्यंत जाई. अंगावर रोमांच येत. मी ते देवाचे सान्निध्य मानले. एक दिवस नव्हे, वर्षानुवर्षे. आयुष्यभर केलेल्या उपासनेचे हे फळ आहे असे मानून मी डोळे मिटून कृतज्ञ होत असे.

हे मी फक्त मालतीबाईंना सांगितले होते. त्या म्हणाल्या, "मी रोज फुलं वाहते, प्रभावळ पुसते. मला का नाही होत?"

"तू सोवळ्यात नसतेस," मी म्हणालो. त्यांची साडी कोरडी असे. ते उत्तर किती बरोबर होते ते मला पुढे कळले.

तुम्ही देवघराच्या दाराशी थांबलात त्याला अकरा वर्षे झाली होती, तेव्हा शेजारच्या इमारतीत एका बाईंना गीझरचा धक्का बसला. त्या वाचल्या, पण मालतीबाईंनी त्याच दिवशी तुम्हाला बोलावले. तुम्ही बोर्डात नवे यंत्र बसवलेत, आरसीसीबी. मी विचारले, "ब्रेकर आहेत ना सगळीकडे? हा आणखी कशाला?"

"ते वायरचे राखणदार. तारेत जास्त करंट गेला तर पडतात. माणसाच्या अंगातनं थोडासा गेला, तर त्यांना पत्ताही लागत नाय. माणूस मरायला थोडासाच पुरतो. हा माणसाचा राखणदार. गेला किती, परत आला किती, एवढंच बघतो. तीस मिलिअँपिअर कुठं वाटेत गळाले, की पाडतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी अभिषेक रंगात आला असता सगळे घर बंद पडले. स्वयंपाकघरातला मिक्सर थांबला, देवांमागचे तेज गेले. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशीही तेच. मी संतापलो. माझी पूजा दिव्यासकट अखंड व्हावी असा माझा नेम होता, आणि हे यंत्र नेमके त्याच वेळी मोडता घालत होते.

तुम्ही आलात, बोर्डाशी तारेचे वेष्टण तपासणारा मेगर लावून पाहिलेत, आणि मी माझा उपाय सांगितला. "देवघराची लाइन तेवढी ह्याच्यातून बाहेर काढा. तिला साधा ब्रेकर पुरे. नाहीतर शंभराचा मिळतो, तीनशेचा मिळतो म्हणे. तो लावा."

"तीनशेचा आग अडवतो. माणूस नाय अडवत."

"अहो, पण रोज पूजेत विघ्न येतं!"

"विघ्न नाय ते. आत काहीतरी गळतंय, ते सांगतंय."

"मग बाहेरून बघा."

"बाहेरनं बघून झालं. दोष आत आहे." तुम्ही मेगर पिशवीत ठेवलात. "दोनच रस्ते आहेत, गुरुजी. मला आत जाऊ द्या, नायतर आंधळा ब्रेकर लावा. आंधळा मी नाय लावणार. दुसरा कोणीपण लावील, पाच मिनिटांचं काम आहे."

त्यावर मी जे बोललो ते लिहिताना आजही हात थांबतो. मी म्हणालो, "आमच्या देवघरात येण्याचा तुम्हाला एवढा आग्रह का?"

मालतीबाईंच्या हातातला चमचा थांबला. तुम्ही माझ्याकडे पाहिलेत. राग दिसला नाही, थकवा दिसला.

"गुरुजी, मला देवघरात यायची हौस नाय. मला न्यूट्रल बघायचाय."

देवघराच्या लाइनच्या दोन्ही तारा बोर्डातून सोडवून तुम्ही त्यांच्या टोकांना टेप गुंडाळलात. "ठरवा आणि सांगा," म्हणालात. मालतीबाईंनी चहा विचारला. "आज नको, वहिनी."

त्यानंतर एकोणीस दिवस मी समईच्या उजेडात पूजा केली. उजेड पुरेसा होता. पण झिणझिणी आली नाही. पहिल्या दिवशी वाटले, मन अस्वस्थ आहे. दुसऱ्या दिवशी आवर्तने वाढवली. आठवड्याने पाणी वाढवले. हात प्रभावळीवर दाबून बसलो. पितळ थंड आणि मुके होते.

मधुकरराव, तीस वर्षे मी मुलांना फळ्यावर लिहून दिले होते: एक असता दुसरे असते, एक नसता दुसरे नसते, तेव्हा त्यांचा संबंध मानावा. धूर दिसला की अग्नीचे अनुमान करावे. आणि इथे रोज धूर निघत होता, तर मी धूर दाखवणारे यंत्रच काढायला सांगत होतो. अनुमान माझ्यासमोर उभे होते. त्याचा निष्कर्ष उच्चारायला मला एकोणीस दिवस लागले, कारण तो उच्चारला की माझ्या आयुष्यातली सर्वांत गोड अनुभूती हातून जाणार होती.

विसाव्या दिवशी मालतीबाईंनी विचारले, "सारखा हात लावून काय बघता?" मी सांगितले. त्या आधी हसल्या. "म्हणजे इतकी वर्षं देव बोर्डातून येत होता?" आणि मग एकदम खाली बसल्या. पदर तोंडाला लावला. "ओल्या अंगानं बसत होता तुम्ही. मी रोज बाहेर पोळ्या लाटत होते. बोलवा त्यांना. आत बोलवा."

मी फोन केला. "मधुकरराव, आत या."

तुम्ही विचारलेत, "नक्की?"

"नक्की."

"उद्या येतो. लादी कोरडी करून ठेवा."

दुसऱ्या दिवशी तुम्ही चपला बाहेर काढल्यात, पाय धुतलेत आणि आत आलात. मला वाटले होते, काहीतरी होईल. माझ्या मनात किंवा तुमच्या चेहऱ्यावर. काही झाले नाही. तुम्ही भिंत पाहिलीत, प्लग पाहिलात आणि म्हणालात, "देव तुम्ही उचला. प्रभावळ मी उचलतो." मी देव तबकात घेतले. तुम्ही प्रभावळ पुढे ओढलीत आणि टॉर्चच्या उजेडात मला बोटाने दाखवलेत: दिव्याची तार पितळेला टेकलेली, अभिषेकाचे पाणी वर्षानुवर्षे शिंतडून तिचे वेष्टण कुजलेले, आणि प्लगच्या तिसऱ्या पिनेला अर्थिंगची तार जोडलेलीच नव्हती.

मी तेव्हाच तुम्हाला झिणझिणीचे सांगितले. सांगायलाच हवे होते असे नाही. पण समोर उघडी तार दिसत असताना गप्प राहवेना. तुम्ही हसाल अशी माझी खात्री होती. तुम्ही हसला नाहीत. फक्त विचारलेत, "किती वर्षं?" आणि उत्तर ऐकून माझ्या पूजेच्या पाटावर बसलात. तुमच्या कपाळावर घाम आला होता.

"बराचसा ओल्या लादीनं आपल्याकडं घेतला. तुमच्या वाट्याला थोडा आला. वाटणी उलटी झाली असती तर..."

त्या दिवशी देवघरासाठी वेगळी तार आली, अर्थिंग आले आणि वेगळा ब्रेकर आला. दोन्ही राखणदार एकाच डबीत असलेला, आरसीबीओ. सहा अँपिअरचा, तीस मिलिअँपिअरचा. तारेला ताप झाला तरी तो पडेल आणि माणसाला धोका झाला तरी पडेल. शिवाय गीझरच्या दोषाने देवांचा दिवा जाणार नाही आणि देवघराच्या दोषाने मालतीबाईंचा मिक्सर थांबणार नाही. "ज्याचा दोष, त्यानं पडावं. सगळं घर कशाला अंधारात?" तुम्ही म्हणालात. त्यावरचे टेस्टचे बटण महिन्यातून एकदा दाबायला सांगितलेत. विसरेन, म्हणून मी ठरवले, दर पौर्णिमेला दाबीन. तुम्ही हसलात. "दाबा, दाबा. पौर्णिमा आमचीपण असते."

त्यानंतरची नऊ वर्षे ही माझ्या उतारवयातली फार सुखाची वर्षे. तुम्ही निवृत्त झाला होता. गुरुवारी सकाळी येत असा, काम असो वा नसो. आपला एक वाद कधीच संपला नाही. मी विचारत असे, "तार सदोष होती हे मान्य. पण मला जी शांती वाटत होती, ती खोटी होती का?"

"शांती तुमची, करंट लाइनचा. दोन्ही एका वेळेला येत होते, एवढंच."

"मग आता शांती का येत नाही तशी?"

"येते. तुम्ही हात लावून बघता, म्हणून कळत नाय."

मालतीबाई तुमच्या बाजूने. "बरोबर आहे भाऊंचं. हात मांडीवर ठेवा आणि म्हणा रुद्र." मी काही वेळा तसे करून पाहिले. प्रामाणिकपणे सांगतो, अजूनही कधी कधी त्या झिणझिणीची आठवण येते. पण हळूहळू पूजेत काहीही न होण्याची मला सवय झाली, आणि त्या काही न होण्यात एक स्वस्थता आहे हे उमगले. हे तुम्हाला कबूल करायचे राहिले. कबूल केले असते तर तुम्ही वाद जिंकला असता, आणि मग गुरुवारी बोलायचे काय?

शेवटी तुम्ही आजारी पडलात तेव्हा मी घरी भेटायला आलो. तुम्ही उशीला टेकून बसला होता. मी मनाशी सगळे जुळवून आलो होतो. सुरुवात केली, "मधुकरराव, त्या अकरा वर्षांचं..."

तुम्ही हात वर केलात. "ते सोवळं नव्हतं ना, गुरुजी?"

"नव्हतं," मी म्हणालो.

"मग ते तुमचं तुम्ही बघा."

तुम्ही क्षमा केली नाहीत आणि दूषणही दिले नाहीत. दोष माझ्या लाइनवर होता, तो माझ्याकडेच ठेवलात. पुढे बोलायला मला वाव नव्हता, कारण तुम्ही लगेच कामावर आलात. "देवघरातला तो ब्रेकर बदला आता. दिवा एलईडीचा केलाय ना तुम्ही? घरात सगळं इलेक्ट्रॉनिक झालंय. त्यांची गळती सरळ लाटेसारखी नसते, जुन्या टाइपला कधीकधी दिसतच नाय. ए टाइप घ्या."

"पण दर पौर्णिमेला बटण दाबतो. व्यवस्थित पडतो."

"बटण दाबल्यावर पडतो. बटणाची गळती वेगळी, एलईडीची वेगळी." तुम्हाला खोकला आला. तुमच्या पत्नी शांताबाईंनी पाणी दिले. मी म्हणालो, "पुढच्या गुरुवारी बोलू."

तो गुरुवार आला नाही.

काल तुमच्या घरी मी उठलो आणि तुमच्या माणसांसमोर म्हणालो, की मी मधुकररावांना अकरा वर्षे देवघराच्या उंबऱ्याबाहेर ठेवले आणि कारण सोवळ्याचे सांगितले. त्याच उंबऱ्यातून सुतार आत गेला, लादीवाले आत गेले. शास्त्रात वाट नव्हती म्हणून नव्हे. सुताराच्या वेळी मला ती शोधावीही लागली नव्हती. मधुकरराव बौद्ध होते, म्हणून थांबवले. ज्याला थांबवले त्यानेच माझा जीव वाचवला, हे मी सांगत आहे. पण जीव वाचवला नसता तरीही थांबवणे चूकच होते. आणि मग झिणझिणीचेही सगळे सांगितले.

मग तुमची सुजाता, जिने तुमचे काम पुढे चालवले आहे, ती भिंतीपाशी उभी होती, ती म्हणाली, "बसा गुरुजी. उंबऱ्याचं आम्हाला सगळ्यांना माहितीय. घरात तुमचं नावच उंबरावाले गुरुजी होतं."

"अगं सुजाता!" शांताबाई म्हणाल्या.

"खरं तेच सांगते ना, आई! बाबा डबा घेताना म्हणायचे, आज उंबऱ्यावर ड्युटी आहे."

मागून कोणीतरी फिस्सकन हसले, मग खोलीभर हसू पसरले, आणि मीही हसलो. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी मला माझे खरे नाव कळले. पण सुजाता आता हसत नव्हती. ती माझ्याकडे पाहत होती. "ते झिणझिण्यांचं मात्र बाबांनी कधीच सांगितलं नाही. आईलापण नाही."

शांताबाईंनी मान हलवली. त्यांनाही ठाऊक नव्हते.

मधुकरराव, ते ऐकल्यापासून मी दुसऱ्या कशाचा विचार केलेला नाही. माझा अन्याय तुम्ही घरी सांगितलात. तो सांगण्याचा तुम्हाला पुरेपूर अधिकार होता. पण जी गोष्ट ऐकून सारे उल्हासनगर हसले असते, जी चहाच्या टपरीवर सांगून तुम्ही माझा सगळा हिशेब एका दिवसात चुकता करू शकला असता, ती तुम्ही नऊ वर्षे पोटात ठेवलीत. माझ्या चुकीला तुम्ही झाकले नाहीत आणि माझ्या भक्तीची थट्टा होऊ दिली नाहीत. इतका बारीक विवेक मी ग्रंथांत वाचला होता, पाहिला तुमच्यात.

आज सकाळी सुजाता आमच्याकडे आली. मालतीबाईंच्या हातात टॉर्च दिला, देव एकेक करून तबकात घेतले, "पाचच ना? शेवटी एक कमी भरला तर माझ्यावर नको," म्हणाली, आणि प्रभावळ पुढे ओढून दिव्याची तार न्याहाळू लागली. ती ठीक होती. बोर्डातला जुना ब्रेकर काढून तिने ए टाइपचा बसवला. काढलेला हातात उलटापालटा करून म्हणाली, "हा अजून चांगला चालला असता, गुरुजी. तुमचंही बरोबर होतं." मग पिशवी उचलत म्हणाली, "पण बाबांचं जास्त."

मी म्हणालो, "हो. त्यांचंच जास्त."

ती गेल्यावर मी पूजा केली. हात मांडीवर ठेवले होते. जे तुम्ही बसलेले असताना म्हणायला हवे होते, ते आज देवांसमोर तुमचे नाव घेऊन मोठ्याने म्हणालो: मधुकरराव, माझे चुकले. काही झाले नाही, आणि मला बरे वाटले.

हे वाचणाऱ्या सर्वांचे कल्याण असो. तुमच्या घरातला दोष लहान असतानाच कळो, आणि तो दाखवणाऱ्याचा तुम्हाला राग न येवो. त्याला आत बोलावण्यासाठी धोक्याची वाट पाहावी न लागो. तो माणूस आहे एवढे कारण पुरेसे होवो. तुमची लेकरे, तुमची वडीलधारी, तुमच्या चुलीपाशी आणि देवापाशी बसणारे सारे सुखरूप राहोत.